‘आय ॲग्री’ दाबलं, म्हणजे संमती दिली असं नाही

इन्स्टॉल करताना ‘आय ॲग्री’ दाबलं की पुढे तक्रारीला जागाच उरत नाही, असा बहुतेकांचा समज आहे. स्पायवेअर, म्हणजे नकळत माहिती गोळा करणारं सॉफ्टवेअर, बनवणाऱ्यांच्या तो पथ्यावर पडतो. कायदा मात्र नुसतं बटण पाहत नाही; ते दाबण्याआधी समोर काय दिसत होतं, हेही पाहतो.

ग्राहकांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये सिअर्स या दुकानसाखळीवर केलेली कारवाई यासाठी मुळातून समजून घ्यावी अशी आहे. सिअर्सने ग्राहकांना 10 डॉलर देऊ करून एक सॉफ्टवेअर बसवायला लावलं. आमंत्रणात सांगितलं ते एवढंच, की ‘ऑनलाइन ब्राउझिंग’ची नोंद ठेवली जाईल. कमिशनच्या तक्रारीप्रमाणे ते सॉफ्टवेअर बँकेची स्टेटमेंट्स, औषधांच्या प्रिस्क्रिप्शनच्या नोंदी, वेबमेल कुणाला गेली आणि तिचा विषय काय, इथपर्यंत पोहोचत होतं. करारात हे लिहिलेलं होतं, पण साधारण 75व्या ओळीपासून, आणि तेही एका वेळी 10 ओळी दिसणाऱ्या चौकटीत. एवढं खाली कोण जातं? गोळा केलेली माहिती नष्ट करायची आणि यापुढे असं काही बसवण्याआधी, करारापासून वेगळं, ठळकपणे सांगायचं, अशा अटींवर प्रकरण मिटलं.

त्याआधी 2002 मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या खटल्यात अटींची लिंक डाउनलोड बटणाच्या खाली, स्क्रोल केल्यावरच दिसेल अशी होती. त्या अटी बांधील नाहीत, असं अपील न्यायालयाने ठरवलं. आधीच टिक केलेली चौकट ही संमती नव्हे, हे युरोपियन न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं. करार अख्खा न वाचणं हा वापरणाऱ्याचा गुन्हा नाही, हे मला ठासून सांगावंसं वाटतं.

स्टॉकरवेअरचं, म्हणजे ओळखीच्या माणसावर पाळत ठेवायला त्याच्या फोनमध्ये गुपचूप बसवलेल्या ॲपचं, प्रकरण आणखी गंभीर. तिथे ‘अलाउ’ दाबणारा एक आणि पाळत दुसऱ्यावर. फोन हातात घेऊन कुणी परवानग्या दिल्या, तर ती फोन वापरणाऱ्याची संमती कशी ठरेल?

अँड्रॉइडवर शंका आली तर आधी सेटिंग्जमधलं ‘ॲक्सेसिबिलिटी’ पाहा. ही परवानगी मिळालेलं ॲप स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं, तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. मग ‘डिव्हाइस ॲडमिन’ (फोनवर विशेष हक्क असलेली ॲप्स) आणि ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ (नोटिफिकेशन वाचू शकणारी ॲप्स) यांच्या याद्या. ॲप अनइन्स्टॉल होत नसेल तर बहुधा त्याला ॲडमिनचा हक्क दिलेला असतो. तो काढल्यावर ते निघतं. घातक ॲप्स शोधणारं गूगलचं प्ले प्रोटेक्ट बंद सापडलं, तर तेही लक्षण समजा.

पण सापडल्यासापडल्या काढू नका. माहिती जायची थांबली की पाळत ठेवणाऱ्याला कळतं, आणि तो जवळचाच असेल तर धोका वाढतो. फॅक्टरी रीसेट केलात तर पुरावाही जातो. ॲपचं नाव, त्याला दिलेल्या परवानग्या आणि तारीख दिसेल असे फोटो दुसऱ्या फोनने काढा. मदतही पाळत असलेल्या फोनवरून मागू नका.