उताराची जागा

परवा दुपारी एवढं मोठं पार्किंग रिकामं पडलेलं आणि मी गाडी नेऊन लावली ती पार टोकाला, भर उन्हात, जिथे जमीन जराशी उतरती आहे तिथे. बायको म्हणाली, अरे दारापाशी सावलीत चार जागा आहेत की. आहेत ना. पण सपाट आहेत.

आता ही गाडी बटण दाबलं की सुरू होते, त्यात ऑटोमॅटिक, म्हणजे बॅटरी बसली तर उतारावरून ढकलूनही सुरू व्हायची नाही. उताराचा उपयोग शून्य. तरी उतार दिसला की मला बरं वाटतं, काय करणार.

हे खूळ बाबांच्या इटालियन गाडीचं. कंपनी सांगत नाही, गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये. डॅशबोर्डवर गोल गोल मीटर, त्यात बारीक अक्षरात आक्वा, ओलिओ, बेन्झिना. मला इटालियन येतं ते एवढंच, पाणी, तेल, पेट्रोल. तिन्ही काटे एकाच वेळी खरं बोलतायत असं मात्र कधी झालं नाही.

सेल्फ मनात आलं तर घ्यायचा. नाहीतर बाबा किल्ली फिरवायचे आणि बॉनेटखालून नुसतं टक्. एकच. मग बाबा आरशातून मागे बघायचे, बोलायचे काही नाहीत, आम्ही भावंडं मुकाट उतरून डिकीला हात लावायचो. सेकंड गिअर, दहा-बारा पावलं ढकलायचं, मग ते क्लच सोडायचे आणि गाडी अशी गचकन अडायची की नाक डिकीवर आपटलंच पाहिजे, मग ती खोकायची, तोंडावर धूर, आणि मग तो आवाज! बाबा थांबायचे नाहीत, थांबले तर परत बंद, म्हणून चालत्या गाडीत चढायचं, धाकट्याला आधी आत कोंबून.

उन्हाळ्यात पाण्याचा काटा लालकडे झुकायला लागला की बाबा हीटर लावायचे. फुल. इंजिनची गरमी आत ओढून घ्यायची म्हणजे तिला जरा आराम. खिडक्या उघड्या, पायाला चटके, आई ओला रुमाल डोक्यावर घेऊन बाहेर बघत बसलेली. पण रस्ता वळणावळणाचा लागला, तिसऱ्या गिअरमध्ये ती गायला लागली, की एरवी शीळसुद्धा न घालणारे बाबा खांदे हलवायचे. जवळचा सरळ रस्ता सोडून लांबून जायचे. आईला कळायचं, पण ती रुमाल परत ओला करायची आणि गप्प बसायची.

इटलीत ट्युरिनमध्ये फियाटचा लिंगोट्टो कारखाना होता, १९२३ सालचा, पाच मजली, १९८२ साली बंद झाला. कच्चा माल खाली आत जायचा, गाडी बनत बनत वर चढायची आणि चाचणीचा ट्रॅक चक्क छतावर. आमची काही तिथली नव्हती, पण तिथल्या गोल फिरत खाली येणाऱ्या रॅम्पचे फोटो बघितले तेव्हा मी हसत सुटलो. उताराची सोय केलीये बघा आधीच.

पुढे मीही तशीच एक जुनी घेतली, हौसेने. तीन वर्षं होती, त्यातलं दीड वर्ष मेकॅनिककडे राहायला होती, मी अधूनमधून भेटायला जायचो. तिच्याबद्दल परत कधीतरी.

बाबांची विकली त्या दिवशी घेणारा माणूस आत बसला, किल्ली फिरवली, टक्. त्याला आरशातून बघायचं माहीत नव्हतं. आम्ही आपणहून मागे गेलो, आणि बाबाही आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मागच्या बाजूला. दहा-बारा पावलं, गचका, खोकला, धूर. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ते तसेच किंचित वाकून, हात पुढे.

मग तळवे पँटला पुसले आणि म्हणाले, स्पार्कचे पॉइंट साफ करून द्यायला हवे होते.