पोहता येत नाही, तरी खाडीत उतरता येईल का?

विचारणारी व्यक्ती पुण्याची असो वा आमच्याच तालुक्यातली, प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो आणि तो आवाज जरा खाली आणून विचारला जातो: "मला पोहता येत नाही हो. कयाक चालवता येईल का?" पाठोपाठ वय सांगतात, गुडघ्यांचं सांगतात, पण मूळ शंका पाण्याचीच असते. मी तारकर्ली-देवबागच्या बाजूला, कर्ली नदीच्या खाडीत कयाक चालवते आणि नवख्यांना सोबत नेते. तर तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

येईल. अंगावर बसणारं लाइफ जॅकेट, आडोशाचं पाणी आणि सोबत माहितगार माणूस, एवढं असेल तर नक्की येईल. पण पोहता येणं म्हणजे सुरक्षित आणि न येणं म्हणजे धोका, हा जो हिशेब आपण मनात धरून बसतो तोच मला पटत नाही. पवना, खडकवासला यांसारख्या धरणांत दर उन्हाळ्यात माणसं बुडतात, त्यांत चांगले पोहणारेही असतात. पाणी कुठे निघालंय आणि वारा कुठून येतोय हे ज्याला कळतं, तो पोहता येत नसतानाही घरी परत येतो. ते कळत नसेल तर नुसत्या पोहण्यावर विसंबून राहू नये.

आधी जॅकेटचं. किनाऱ्यावर ढिगातून उचलून हातात देतात ते निमूटपणे घालू नका. आतल्या बाजूला शिवलेल्या पट्टीवर न्यूटनमध्ये एक आकडा असतो. कयाकवाल्यांची जॅकेटं बहुतेक 50 न्यूटनची, म्हणजे साधारण पाच किलो वजन तोलून धरतील इतक्या ताकदीची असतात. पाण्यात आपलं वजन फारच थोडं उरतं, त्यामुळे डोकं वर राहायला तेवढं पुरतं. मात्र शुद्ध हरपलेल्या माणसाला हे जॅकेट उताणं करत नाही. हे माप मुळात पोहता येणाऱ्यांसाठी ठरवलेलं आहे. 100 न्यूटन आणि त्यापुढची, मानेमागे कॉलर असलेली जॅकेटं तोंड वर राहावं अशा बेतानेच शिवलेली असतात. ती अवजड होतात, वल्हवताना दंडाला घासतात. पोहता येत नसेल तर घासू द्या. आणि सगळे पट्टे आवळून झाले की खांद्यापाशी धरून कुणाला तरी जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर पाण्यात कानांच्याही वर जाईल. मग ते तुमच्या मापाचं नाही, दुसरं मागा. मागायला लाजू नका.

त्यानंतर मी नवख्या माणसाला वल्हं देत नाही. आधी कयाक उलटी करायला लावते. यावर बरेच जण नाराज होतात, कारण कपडे, केस सगळं सुरुवातीलाच भिजतं. पण पोहता न येणाऱ्याची भीती असते ती पडण्याची नव्हे, पडल्यावर काय करायचं हे ठाऊक नसण्याची. इथे भाड्याने मिळतात त्या कयाक वर उघडी बैठक असलेल्या, 'सिट ऑन टॉप' प्रकारच्या असतात. तीनेक मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, प्लास्टिकच्या, आतून पोकळ. तळाला आरपार भोकं असतात, त्यातून आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं. त्या बुडत नाहीत आणि तुम्हाला आत अडकवूनही ठेवत नाहीत. छातीभर पाण्यात उभं राहून ती उलटी करायची. मग पालथ्या कयाकच्या बाजूला उभं राहून, पलीकडची कड किंवा पट्टा पकडून आपल्याकडे खेचायचा, की ती सुलटी होते. आता चढायचं. इथेच लोक चुकतात. हातांच्या जोरावर भिंत चढावी तसं वर यायला बघतात, आणि कयाक पुन्हा त्यांच्याच अंगावर येते. पाय मागे सोडून, अंग पाण्यावर आडवं करून, पाय झाडत पोटावर सरकायचं. आधी पोट बैठकीवर, मग कुशीवर वळायचं, मग बूड टेकायचं आणि सगळ्यात शेवटी पाय आत घ्यायचे. एकदा जमलं की चेहरा बदलतो. आतापर्यंत माझा दंड घट्ट धरून उभी असलेली बाई स्वतःच म्हणते, "परत एकदा करू का?" ही तालीम न देता कुणी तुम्हाला खोल पाण्यात नेत असेल, तर नम्रपणे नाही म्हणा, मग भाडं कितीही कमी असो.

गुडघ्यांची काळजी तुलनेने सोपी आहे. पाय लांब करून बसायचं असतं, मांडी घालावी लागत नाही. त्रास होतो तो उतरताना. म्हणून उथळ पाण्यात दोन्ही पाय एका बाजूला सोडून मगच उठायचं. वल्हवण्याची ताकद दंडातून नाही, कंबरेतून पिळल्यासारखं वळण्यातून येते. प्राची यादव या ग्वाल्हेरच्या खेळाडूच्या पायांत चालण्याची शक्ती नाही. 2023 मध्ये हांगझोउच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने कयाकमध्ये सुवर्णपदक मिळवलं.

आता मुख्य गोष्ट. खाडीच्या पाण्याचं वेळापत्रक असतं, आणि ते तुमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहिलेलं आहे. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही, आणि नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. हा आडाखा आहे. त्यात थोडं मागेपुढे होतं आणि नदीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोचते. त्यामुळे निघण्याआधी जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघायचंच. पण तिथीवरून दिवसाचा अंदाज येतो तो असा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्यामुळे ओढ मोठी. अष्टमीच्या आसपास भांग, सगळंच मवाळ.

भरतीला साधारण सहा तास लागतात, पण पाणी सहाही तास सारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात पुन्हा एक. ओहोटीही अशीच उतरते. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. त्या वेळी पात्र अरुंद असेल तिथे कयाक वल्हवूनही जागची हलत नाही. मी वाट बघते ती भरती पूर्ण होतानाच्या तासाची आणि त्यापुढच्या तासाची. तेव्हा पाणी काठोकाठ असतं आणि जवळजवळ थांबलेलं असतं. कांदळाची, म्हणजे खारफुटीची, मुळं बुडालेली असतात. ओहोटीला ज्या चिंचोळ्या फाट्यांत चिखल उघडा पडतो, त्यांत तेव्हा सहज शिरता येतं. खंड्या हाताच्या अंतरावरच्या फांदीवरून आपल्याकडे बघत बसलेला असतो, कारण आपल्या नावेला इंजिन नाही.

वाऱ्याचं मी शिकले ते शेजारच्या तात्यांकडून. आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात, गेलेला माणूस. मी कयाक ओढत निघाले की ते अंगणातूनच विचारायचे, "बाय, वारो खंयसून येता ता बघलंस?" म्हणजे वारा कुठून येतोय ते पाहिलंस का? थंडीतल्या सकाळी इथे मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. किनाऱ्याजवळचं पाणी तेव्हा इतकं गुळगुळीत दिसतं की कुणालाही उतरावंसं वाटेल. तोच वारा तुम्हाला हळूहळू बाहेर ढकलत असतो, आणि जितकं बाहेर जाल तितका जोर वाढतो. दुपारनंतर खारा वारा समुद्रावरून येतो, तो किनाऱ्याकडे ढकलतो पण लाटा उठवतो. म्हणून पोहता येत नसेल तर उघड्या समुद्रात पहिल्या मोसमात जाऊच नका, खाडीच पुरेशी आहे. देवबागच्या टोकाला कर्ली समुद्राला मिळते तो संगमही लांबून बघावा. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं, समोरून लाट आत येत असते, आणि दोन्ही भिडतात तिथे समुद्र शांत असलेल्या दिवशीही उभ्या लाटा उठतात.

घाटावरून येणारे विचारतात, मग धरण किंवा नदी बरी नाही का? धरणाच्या जलाशयात ओढ नसते हे खरं. पण दुपारचा वारा लांबच लांब पाण्यावरून विनाअडथळा येतो, आणि काठापासून दोन पावलांवर खोल असू शकतं. सकाळी जा, काठ धरून जा. नदीचं मात्र नवख्याने एकट्याने नाव काढू नये. कोलाडला कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सुटतं तेव्हा चढतं. तिथे तराफ्यातून जायचं ते जाणत्यांसोबतच. आणि सपाट, संथ वाटणाऱ्या नदीत कोल्हापूर पद्धतीचा बंधारा लागला की लांबूनच काठाला या आणि कयाक उचलून पुढे न्या. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असतात तेव्हा पाणी खांबांमधून ओढलं जातं आणि कयाक आडवी होऊन तिथे दाबली जाते. बरगे घातलेले असले तर वरून पडणारं पाणी खाली गोल फिरत राहतं. त्यात सापडलेल्याला जॅकेटही बाहेर काढू शकत नाही. सांगलीकडची कृष्णा आणि चिपळूणची वाशिष्ठी इथे मगरी आहेत, म्हणून तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय उतरू नये.

हे सगळं वाचून कुणी घाबरेल याची मला काळजी वाटते, कारण मला हवंय ते उलटं. आपल्याकडे इतकी लांब किनारपट्टी, इतक्या खाड्या, आणि आपण पाण्याकडे पाठ करून फोटो काढतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका स्वतः होडी वल्हवत लोकांना कांदळवन दाखवतात. त्यांना बघा एकदा. काठावर राहणाऱ्या बाईला पाणी कळायला हवं, आणि वर्षातून एकदा येणाऱ्या बाईलाही, असं मला मनापासून वाटतं.

आणि हो, पोहायलाही शिका. चार प्रकार नाही शिकलात तरी चालेल. तोंड पाण्यात घालून श्वास सोडणं आणि उताणं पडून तरंगणं, एवढं तलावात शिकून घ्या. जॅकेट असूनही तोंडावर पाणी आलं की माणूस घाबरून हातपाय मारतो आणि दमतो. एवढं शिकलं की ते थांबतं.

यायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली दशमी ते द्वादशी बघा, कुठल्याही पक्षातली. द्वादशीला तिथीच्या हिशेबाने नऊला भरती पूर्ण होते. साडेसातला निघालं की जोर ओसरू लागलेल्या भरतीसोबत नेरूरपारच्या दिशेने वर जायचं, नऊला कुठेतरी कांदळाच्या सावलीत थांबून डबा खायचा, आणि ओहोटीच्या पहिल्या सावकाश तासात परत यायचं. खारा वारा सुटायच्या आत आपण काठावर असतो. उन्हाची टोपी, बांधता येईल असा चष्मा आणि कोरडे कपडे आणा. फोन घरी ठेवलात तर उत्तम, नाहीतर पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.