एकाचे दोन दिसू लागले तेव्हा: माझा अनुभव

पन्नाशीत अचानक एकाचे दोन दिसू लागले आणि भुवईमागे ठणका सुरू झाला, तर आधी एक डोळा हाताने झाका, मग दुसरा. कुठलाही डोळा झाकल्यावर एकच दिसत असेल, तर दोन्ही डोळ्यांची दिशा जुळत नाही. एका डोळ्यानेही दोन दिसत असतील, तर कारण बहुधा मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर किंवा कोरडा डोळा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो.

माझ्या बाबतीत डावा डोळा नाकाकडे वळला होता. पुस्तक नीट वाचता यायचं. पण रस्त्यावरची लांबची गाडी दोन दिसायची आणि डावीकडे पाहिलं की दोघींतलं अंतर वाढायचं. मेंदूतून निघालेल्या तीन नसा डोळे हलवतात: तिसरी, चौथी आणि सहावी. माझं हे सहाव्या नसेचं लक्षण, ती डोळा बाहेर कानाकडे वळवते. चौथी नस दुखावली तर प्रतिमा वर-खाली दिसतात, जिना उतरताना त्रास होतो आणि माणूस नकळत मान तिरकी धरतो.

तिसऱ्या नसेकडे मात्र फार काळजीपूर्वक पाहावं लागतं. पापणी पडली, डोळा बाहेर-खाली वळला, बाहुली मोठी झाली आणि डोकं फुटेल असं दुखू लागलं, तर मेंदूच्या रक्तवाहिनीवरचा फुगा नसेला दाबत असू शकतो. ओपीडीची वाट न पाहता लगेच मोठ्या हॉस्पिटलचा तातडीचा विभाग गाठा. तिथे अँजिओग्राफी, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी होते. बाहुली आवळणारे तंतू नसेच्या बाहेरच्या थरात असतात. फुगा त्यांना बाहेरून दाबतो. मधुमेहात बंद पडतात त्या नसेच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या, म्हणून तेव्हा बाहुली बहुधा वाचते. आणि म्हणूनच बाहुल्यांची तपासणी डोळ्यांत थेंब घालण्याआधी झाली पाहिजे. थेंबांनी बाहुली मोठी झाली की ही खूण पुसली जाते. थेंब घालायला आले की एवढं एक विचारून घ्याच.

थेंब मात्र टाळू नका. डोकेदुखीसोबत सहावी नस गेली असेल, तर डोक्यातला दाब वाढलाय का हे डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या सुजेवरून कळतं, आणि ती बाहुली मोठी केल्यावर नीट दिसते. थेंबांनंतर काही तास नजर धूसर राहते, सोबत कुणीतरी हवं.

माझा मधुमेह आणि रक्तदाब जुना, तरी डॉक्टरांनी साखरेवर बोट ठेवून विषय मिटवला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड, थायरॉइड, ईएसआर आणि सीआरपी. शेवटच्या दोन तपासण्या शरीरातली सूज दाखवतात, त्या पन्नाशीनंतर चुकवू नयेत. कानशील दुखणं, केस विंचरताना डोकं हुळहुळणं, चावताना जबडा भरून येणं ही धमन्यांच्या सुजेची लक्षणं. उशीर झाल्यास नजर कायमची जाते, म्हणून स्टिरॉइड लगेच सुरू करतात. संध्याकाळी पापणी जड होऊन दोन दिसणं वाढत असेल, तर मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी होते. मधुमेह्याचा गाल दुखू लागला, नाकातून काळी खपली पडली, तर म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी. २०२१ मध्ये महाराष्ट्राने तो जवळून पाहिला आहे.

एमआरआयच्या चिठ्ठीवर मेंदूसोबत डोळ्यांच्या खोबण्याही लिहिल्या आहेत ना, हे पाहा. कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं इंजेक्शन) देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, रिपोर्ट न्या. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधीच सांगा.

नस साखरेमुळे दुखावली असेल, तर उपचार म्हणजे साखर आणि रक्तदाब आवाक्यात ठेवणं, आणि वाट पाहणं. तोवर एका डोळ्यावर पट्टी, किंवा चष्म्यावर फ्रेनेल प्रिझम. दोन प्रतिमा एकत्र आणणारी ही पातळ प्लास्टिकची चकती पाण्याने काचेच्या आतल्या बाजूला चिकटवतात. सहाव्या नसेसाठी तिची जाड बाजू कानाकडे असते. जितका प्रिझमचा नंबर मोठा, तितकं दृश्य धुरकट. डोळा सरळ होत गेला की नंबर कमी करावा लागतो, नाहीतर प्रिझममुळेच दोन दिसू लागतात. पट्टी असताना अंतराचा अंदाज चुकतो. गाडी चालवायची नाही, जिन्याचा कठडा सोडायचा नाही.

साखरेमुळे दुखावलेली नस बहुतेकांची तीन महिन्यांत पूर्ववत होते. तसं झालं नाही, किंवा दुसरी एखादी नस सामील झाली, तर पुन्हा स्कॅन. ऑपरेशनचा विचार साधारण सहा महिने मोजमाप स्थिर राहिल्यावर होतो, म्हणून प्रत्येक भेटीतला हेस चार्ट (डोळ्यांच्या हालचालींचा नकाशा) आणि प्रिझमचे आकडे मागून घेऊन फाइलला लावत जा.