पट्टा लावलेला होता तरी हेल्मेट हातात आलं

परवा ताई गाडी काढत होती, हेल्मेट घातलेलं, पट्टा लावलेला, बघताना सगळं नीटच. मी सहज मागून हेल्मेटच्या खालच्या कडेला बोटं घातली आणि वर-पुढे ढकललं तर अख्खं हेल्मेट तिच्या कपाळावरून घसरून निघालं की बाहेर! पट्टा तसाच लावलेला. आम्ही दोघं एकदम गप्प झालो. इतके दिवस ती ते नुसतं डोक्यावर ठेवून फिरत होती.

ही टेस्ट मला माहीत आहे कारण मीही चार वर्षं लार्ज साइज वापरली, का तर घालून बघताना "आरामात बसलं" म्हणून. एकदा करकचून ब्रेक मारला तेव्हा ते भुवयांच्या खाली आलं आणि क्षणभर पुढचं काही दिसलंच नाही, मग घरी येऊन पहिल्यांदा टेपने डोकं मोजलं. भुवयांच्या साधारण इंचभर वरून, कानांच्या वरून, मागे डोकं सगळ्यात जास्त बाहेर येतं तिथून. दोन-तीनदा मोजायचं आणि मोठा आकडा धरायचा. माझा आला 56 सेंमी, आणि त्या कंपनीच्या चार्टमध्ये लार्ज होती 59 ते 60!

ताईसाठी नवीन घेताना ती पहिलंच वाक्य बोलली, "अरे, गाल दाबले जातायत." दाबले जायलाच पाहिजेत गं! आतले गालाचे पॅड वापरून थोडे बसतात, म्हणून नवीन असताना घट्टच हवं. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवायचं, त्याच्याबरोबर गालाची आणि कपाळाची कातडी हलली पाहिजे. हेल्मेट फिरतंय आणि तोंड जागच्या जागी, तर साइज मोठी. पण गालावरचा दाब वेगळा आणि कपाळावर एकाच जागी टोचणं वेगळं. तिने वीस मिनिटं घालून ठेवलं, काढलं तर कपाळाच्या मधोमध लाल वळ. साइज बरोबर होती पण आकार चुकला होता, कारण कोणाचं डोकं लांबट असतं कोणाचं गोल. तिथे मोठी साइज घेऊन उपयोग नाही, दुसरं मॉडेल बघायचं. आम्ही बघितलं, तिसरं बसलं.

आणि हे सगळं कशासाठी, तर आतला जो थर्माकोलसारखा थर असतो तो आपटल्यावर चेपतो आणि धक्का स्वतः घेतो. तो पुन्हा फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकाचक असलं तरी बाद. पण तो थर डोक्याला चिकटून असेल आणि हेल्मेट डोक्यावर टिकेल तरच ना! पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकाच सैल हवा. चष्मा असेल तर हेल्मेट आधी, चष्मा नंतर. उंच अंबाडा किंवा जाड क्लिप अजिबात नको, हेल्मेट खाली बसतच नाही.

काचेबद्दल मी जरा हट्टी आहे. काच वर करून गाडी चालवणाऱ्यांना एकदा तरी सांगावंसं वाटतं, डोळ्यात किडा गेला की पापणी आपोआप मिटते आणि ब्रेक कुठे मारायचा तेच कळत नाही. वाफ धरते हे खरंय, त्यावर सिग्नलला काच एक खाच उघडायची, नाहीतर आतून पिनलॉकची, म्हणजे वाफ न धरणारी, दुसरी काच बसवायची. काळी काच रात्री नकोच. पुसताना कोरडं फडकं घासू नका, ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, चिकटलेले किडे मऊ होतात मग ते अलगद निघतात. पेट्रोल, थिनर तर लांबच ठेवा, ही काच पॉलिकार्बोनेटची असते, खराब होते. बारीक चरे पडले की रात्री समोरच्या हेडलाइटची अख्खी काचभर जाळी दिसते, तेव्हा सरळ नवीन काच टाकायची.

काल ताई निघताना मी परत मागून ढकलून बघितलं. हललं नाही. "गाल अजून दुखतायत," म्हणाली आणि काच खाली केली.