सही, पण भिन्नमतासह

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं, यासाठी नेमलेल्या आमच्या अभ्यासगटाचा मी सदस्य-सचिव होतो. बैठका बोलावणं, इतिवृत्त लिहिणं आणि शेवटी अहवाल बांधणं माझ्याकडे. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचे, म्हणजे आजूबाजूच्या छोट्या शाळा एकत्र करून केलेल्या शाळांचे, दाखले समोर होते. बहुतेकांचा कल एकच: जवळच्या मोठ्या शाळेत मुलांचं समायोजन करावं, जाण्यायेण्याला गाडी द्यावी. त्यात वावगं नव्हतं. एकट्या गुरुजींनी चार इयत्ता सांभाळायच्या, यात मुलांचंही नुकसानच असतं.

एका सदस्याला मात्र ते पटत नव्हतं. निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बाई म्हणायचे. शेवटच्या बैठकीत सह्या व्हायच्या होत्या. मसुद्याच्या पहिल्याच पानावर ‘सर्वानुमते’ होतं. बाईंनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, “सही करते, पण हा शब्द काढा. आणि माझं म्हणणं अहवालात आलं पाहिजे.”

पिशवीतून त्यांनी फुलस्केपची हाताने लिहिलेली पानं काढली. एका वाडीची हकीकत होती. नकाशात तिथून मोठी शाळा एक किलोमीटरच्या आत. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्य नियमांत पहिली ते पाचवीसाठी हीच मर्यादा आहे, म्हणून आमच्या तक्त्यात वाडीपुढे शेरा होता ‘अंतर योग्य’. पण मधे ओढा. बाईंनी त्या मोठ्या शाळेच्या जुन्या हजेरीपटांतून जुलै-ऑगस्टच्या नोंदी उतरवून आणल्या होत्या. ओढ्यापलीकडून येणाऱ्या मुलांच्या नावांपुढे ओळीने गैरहजेरी, अलीकडची मुलं हजर. पुलावरून वळसा घालावा तर अंतर कितीतरी वाढतं, आणि वाडीपर्यंत गाडी जाईल असा रस्ताच नाही.

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाई, ‘काही सदस्यांनी भौगोलिक अडचणींकडे लक्ष वेधले’ असं एक वाक्य घालू या.”

या वाक्याची मला चीड आहे. कोणी लक्ष वेधलं, कुठल्या शिफारशीवर, कशाच्या आधारावर, सगळं त्यात पुसलं जातं. वर बसून वाचणाऱ्याला वाटतं, चर्चा झाली आणि विषय मिटला.

मी म्हणालो, “साहेब, राज्य पुनर्रचना आयोगाचा १९५५चा अहवाल आठवा. हिमाचल पंजाबात विलीन करा अशी शिफारस होती. खुद्द अध्यक्ष फाजल अलींना ते मान्य नव्हतं. त्यांची वेगळी टिपणी अहवालासोबतच छापली गेली, आणि सरकारने शेवटी हिमाचल वेगळाच ठेवला. पुढे १९७१ साली ते राज्य झालं.”

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं, परिशिष्टात जोडा.” तेही मी मानलं नाही. वरच्या टेबलांवर सारांश फिरतो, परिशिष्टं गठ्ठ्यात राहतात. भिन्नमत ज्या शिफारशीवर आहे तिच्या लगेच खाली, बाईंच्याच शब्दांत, आणि त्याखाली गटाचं उत्तर, असं मी सुचवलं. एका शिक्षिकेचं नाव घेऊन केलेली तक्रारही त्या पानांत होती. अहवाल कोणाच्याही हाती पडेल म्हणून ती गाळण्याची विनंती केली. बाईंनी स्वतःच ती ओळ खोडली.

खरी गंमत उत्तर लिहिताना झाली. रस्त्यांचं काम पाहणारे आमचे अभियंता सदस्य कागद पुढे ओढून बसले, आणि ओढ्यावर आले तसे थांबले. “याला माझ्याकडे उत्तर नाही,” ते सरळ म्हणाले. मग शिफारसच बदलली. पावसाळ्यात प्रत्यक्ष चालून पाहिल्याशिवाय कुठल्याही वाडीला अंतराचा शेरा द्यायचा नाही, आणि तोवर तिथली शाळा बंद करायची नाही.

तरी बाईंचं भिन्नमत संपलं नाही. गावाला शाळा हवी असेल तर पट कितीही असो, ती बंद करूच नये, हे त्यांचं म्हणणं कायम होतं. गटाला ते मान्य नव्हतं. एकट्या शिक्षकावर पडणाऱ्या भाराचं कारण आम्ही उत्तरात लिहिलं. मला स्वतःला गटाचं म्हणणं जास्त पटत होतं, पण बाईंच्या मजकुरातला एकही शब्द मी हलवला नाही.

‘सर्वानुमते’च्या जागी ‘बहुमताने’ आलं. सारांशात त्या शिफारशीपुढे ‘एका सदस्याचे भिन्नमत’ असं लिहून पान क्रमांक टाकला. बाईंनी नवी प्रत तिथेच बसून पहिल्या पानापासून वाचली, मग सही केली, आणि सहीखाली लिहिलं, ‘भिन्नमतासह’.