दोर हाती देणारा आठवडा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवाव्यात, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा वर्ग, शिक्षक, स्नेहसंमेलने असे पुष्कळ काही मनात आले. परंतु ज्याविषयी लिहिल्यावाचून राहवणार नाही असा विषय एकच होता, तो म्हणजे शाळेच्या साहसगटाबरोबर डोंगरात काढलेला प्रशिक्षणाचा आठवडा. अशा शिबिरांविषयी बोलताना लोक सहसा धाडसाचे कौतुक करतात. आम्हाला तेथे मुख्यतः शिकवले गेले ते मात्र वेगळेच होते: दुसऱ्याचा जीव आपल्या हाती असताना कसे वागावे.

प्रस्तरारोहणाच्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कोणीही कड्याला हात लावला नाही. सारी सकाळ गाठी मारण्यात आणि सोडण्यात गेली. आठाच्या गाठीचे दोन्ही पदर एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी का बसले पाहिजेत, गाठीच्या पुढे दोराचे टोक किती राखावे, कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवण्याच्या धातूच्या कडीचा, स्क्रू लावल्यानंतरही तो दाबून का पाहावा, हे सारे प्रशिक्षक न कंटाळता समजावून सांगत होते. चढाईच्या दोरात आतला गाभा भार पेलतो आणि बाहेरचे विणलेले आवरण त्या गाभ्याचे रक्षण करते. या रचनेचा दोर एडेलरिड या जर्मन कंपनीने १९५३ मध्ये आणला. भार येताच हा दोर थोडा ताणला जातो, त्यामुळे पडणाऱ्याला बसणारा हिसका सौम्य होतो. त्यावर पाय पडला, तर बारीक खडे आवरणातून आत शिरतात आणि वरून काही न दिसता गाभा कापत राहतात. हे कारण कळल्यानंतर दोर ओलांडताना प्रत्येकाचे पाऊल आपोआप उंच पडू लागले.

त्यानंतर खालून दोर सांभाळणे, म्हणजे बिले देणे, शिकवले गेले, आणि माझ्या मते तोच त्या आठवड्याचा गाभा होता. जोड्या मैत्रीवर नव्हे, तर वजनावर ठरल्या. कारण चढणारा फार जड असला, तर तो घसरताच बिले देणारा वर खेचला जातो. त्यामुळे वर्षानुवर्षे एकाच वर्गात बसूनही ज्यांच्यात कधी चार वाक्यांचे बोलणे झाले नव्हते, अशी मुलेमुली एकमेकांच्या दोराला बांधली गेली. दोर अडवणाऱ्या बिलेच्या साधनाच्या खालचा हात दोरावरून कोणत्याही कारणाने सुटता कामा नये, हा नियम. ‘बिले तयार?’ या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय पहिले पाऊल उचलायचे नाही, आणि त्याआधी दोघांनी एकमेकांचे बक्कल, गाठ, कॅराबिनर आणि हेल्मेटचा पट्टा डोळ्यांनी पाहून व हातांनी चाचपून घ्यायचा. आमचे ज्येष्ठ प्रशिक्षक स्वतः चढायला निघाले, तेव्हा त्यांनी एका विद्यार्थिनीला बोलावून आपले हार्नेस, म्हणजे दोर बांधण्यासाठी अंगावर घातलेले पट्टे, तपासायला सांगितले आणि तिची तपासणी पूर्ण होईपर्यंत ते स्थिर उभे राहिले. अधिकार आणि वय यांमुळे कोणी तपासणीच्या वर जात नाही, हे मी त्या दिवशी पाहिले. पुढे नोकरीत अनेक ठिकाणी मला त्याची उणीव जाणवली.

अशा प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञांनी जहाजव्यवसायातील लॉरेन्स होल्ट यांच्या साहाय्याने १९४१ मध्ये वेल्समधील अॅबरडोव्ही येथे तरुण खलाशांसाठी आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा सुरू केली. तरुणांवर खरी जबाबदारी टाकल्याशिवाय त्यांची खरी ताकद त्यांना कळत नाही, हा विचार तिच्या मुळाशी होता.

ती जबाबदारी आमच्यावर सर्वांत जास्त आली ती खिंडीच्या वाटेवर. नकाशावरील समोच्चरेषा वाचून, होकायंत्राने दिशा धरून आणि स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा चालण्याच्या वेळेचा १८९२ चा नियम लावून आम्ही वेळापत्रक आखले होते: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईसाठी आणखी एक तास. दुपारी खिंड समोर दिसत होती, पण आम्ही ठरलेल्या वेळेच्या मागे होतो आणि पश्चिमेकडे ढग उभे राहत होते. उघड्या धारेवर विजेत सापडणे किती धोक्याचे असते आणि ओल्या कपड्यांत वाऱ्याने शरीर किती लवकर गारठते, हे शिकवले गेले होते. प्रशिक्षक गप्प उभे होते. निर्णय आमच्या गटनायिकेचा होता. तिने प्रत्येकाचे मत विचारले, सर्वांत मागून येणाऱ्या मुलाचे आधी, आणि परत फिरण्यास सांगितले. काहींचा चेहरा पडला, तरी एकानेही वाद घातला नाही. प्रशिक्षकांनी फक्त घड्याळ पाहून वहीत वेळ लिहिली.

शाळेने हा उपक्रम चालू ठेवावा आणि असे निर्णय मुलांकडेच राहू द्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माजी विद्यार्थी या वर्षी देणगी देणार असतील, तर त्यांनी प्रथम दोर, हार्नेस आणि हेल्मेट यांचा विचार करावा. दोर आणि हार्नेस वापरात नसले, तरी निर्मात्यांच्या मर्यादेनुसार साधारणतः १० वर्षांनी बाद करावे लागतात, आणि प्रत्येक दोराची खरेदी, वापर व तपासणी यांची नोंदवही ठेवावी लागते. ती नोंदवही लिहिण्याचे कामही विद्यार्थ्यांनाच द्यावे.