पट ४०, हजर २८

सहावी ते आठवीचे गुणतक्ते आज दिवसभर समोर होते. बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडच्या शाळांत सरासरी वाचताना आधी तारीख बघावी लागते. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेची शिक्षकपदं ठरवायला, पट धरतात ३० सप्टेंबरचा. कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, मुलांसह गावाबाहेर पडतात त्यानंतर, दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे कागदावर वर्ग भरलेला आणि दुसऱ्या सत्रात बाकं रिकामी.

समजा पट ४०, परीक्षेला हजर २८, त्यांची सरासरी ६०. गैरहजरांना शून्य धरलं की तीच सरासरी ४२! दोन्ही आकडे बरोबर, शाळा तीच. म्हणून गुणांशेजारी हजेरीचा रकाना हवाच, आणि स्थलांतरित मुलांची ओळ वेगळी.

मुलींचा तक्ता तर स्वतंत्रच काढावा. बारा-तेरा वर्षांची पोरगी उसाच्या फडावर गेली की कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकटी भावंडं सांभाळते, मार्च-एप्रिलमध्ये परतते. तोवर गणितात अपूर्णांक, टक्केवारी सगळं मागे पडलेलं असतं. आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्यांचं निदान हजेरीपत्रक तरी सलग दिसतं. शिक्षण हमी कार्ड, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून मुलांना मिळणारं कार्ड, जाताना द्यायचं असतं, ट्रक निघून गेल्यावर नाही.